न घेतलेली बिदागी

दौलतरावांनी मोटार घ्यायचं ठरवलं ते कुणालाही न विचारता. आणि विचारायचं म्हटलं असतं तरी घरात होतं कोण? सुभद्राबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. एकुलती मुलगी साताऱ्याकडे दिलेली, ती दिवाळीला येई आणि भाऊबीज उलटली की जाई. पिंपरीच्या शिवारातली जमीन सरकारी कारखान्यात गेली. जमीन गेल्यावर बैलांना काम उरलं नाही, म्हणून बैल विकले. बैल गेले तशी गाडी परसात उभीच राहिली आणि तिच्या जुवावर दुपारच्या कोंबड्या बसू लागल्या. सकाळी उठावं, देवपूजा करावी, दोन भाकरी थापाव्यात, त्यातली एक खावी, आणि मग समोरच्या दिवसाकडे बघत बसावं. पूर्वी दिवस पुरत नसे. आता सरत नसे.

अशा माणसाला जगवत होती ती एकादशी. महाळुंग्याच्या सोनबा बुवांचं कीर्तन त्या दिवशी कुठे ना कुठे असे. कधी चाकणला, कधी माणला, कधी पिंपरीच्याच विठ्ठलमंदिरात. बुवांनी अभंगाचा चरण म्हणायचा आणि मागे उभ्या टाळकऱ्यांनी तो उचलून धरायचा, ही आपल्याकडची रीत. त्या टाळकऱ्यांत बुवांच्या उजव्या खांद्यामागची जागा दौलतरावांची. बावीस वर्षं ती दुसऱ्या कुणाची नव्हती. बुवांनी श्वास घेतला की पुढचा चरण उंच जाणार की खाली येणार हे दौलतरावांना आधीच कळे. नवराबायकोला जे साधत नाही ते ह्या दोघांना साधलं होतं, असं लोक म्हणत.

आणि बुवा माणूस कसा, तर नेमाचा. ज्या गावात कीर्तन त्या गावचं अन्न नाही, बिदागी नाही, शाल नाही. पाणीसुद्धा घरून तांब्यातून आणलेलं. कुणी नारळ पुढे केला तर म्हणत, "देवाम्होरं ठिवा. माझ्यापाशी दिलात तर वाटंतच फोडून खाईन मी." लोक हसत आणि नारळ देवापुढे जाई.

पण त्या वर्षी श्रावणात चाकणला कीर्तन ऐन रंगात आलं असताना बुवा एकाएकी खाली बसले. लोकांना वाटलं, बुवांना गहिवर आला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बुवांचा उजवा गुडघा वाऱ्यातल्या पानासारखा थरथरत होता हे एकट्या दौलतरावांनी पाहिलं. कीर्तन संपल्यावर गुडघा चोळत बुवा म्हणाले, "दौलतराव, आता महाळुंग्याभायेरची कीर्तनं म्या बंद करनार. बैलगाडीचं हिसकं सोसत न्हाईत, चालवत तर न्हाईच. पाय म्हनत्यात, पुरं."

दौलतराव "व्हय व्हय" म्हणाले. पण खरं सांगायचं तर बुवांचे पाय त्यांच्या कानात शिरलेच नव्हते. त्यांच्या कानात शिरलं होतं ते आपलं रिकामं घर आणि त्यात एकादशीही नसलेला महिना.

तिथून मोटारीचा विचार सुरू झाला. कारखान्याच्या साहेबाची मोटार रोज गावाच्या अंगाने जाई. धूळ उडे, पण आत बसलेल्या साहेबाची टोपीदेखील हलत नसे. दौलतराव ओट्यावर बसून ती टोपी बघत. एक दिवस त्यांनी कोट चढवला आणि पुण्याची गाडी धरली.

नव्या मोटारीसाठी त्या काळी नंबर लावावा लागे आणि वर्ष वर्ष वाट बघावी लागे. दौलतरावांचं नशीब असं की कुणीतरी आपला नंबर सोडला आणि तीन महिन्यांत ह्यांची चिठ्ठी आली. जमिनीच्या पैशांतला भावांचा वाटा वजा जाता जे उरलं होतं त्यातून सगळी मोटार येत नव्हती. तेव्हा दुकानदारानेच त्यांना पेठेतल्या एका पेढीचा पत्ता दिला. ती पेढी हप्तेबंदीने पैसे देई.

पेढीतले कारकून नानासाहेब म्हणजे गोड माणूस. त्यांनी चहा मागवला, छापील फॉर्म पुढे ओढला आणि एकेक रकाना मराठीत वाचून दाखवू लागले.

"उत्पन्नाचं साधन?"

"शेती हुती."

"होती नको. आहे पाहिजे."

"आता कुटली? समदी कारखान्यात गेली. पर सरकारनं दिल्यालं पैसं पोस्टात हायेत की."

"दौलतराव, पोस्टातले पैसे म्हणजे रांजणातलं पाणी. उपसलं की संपलं. पेढीला झरा दाखवावा लागतो. बरं, मोटार घेताय कशासाठी?"

"कीर्तनासाठी."

नानासाहेबांची लेखणी थांबली. "तुम्ही कीर्तनकार?"

"छ्या! मी मागं उभा ऱ्हातो. कीर्तन आमच्या सोनबा बुवांचं. महाळुंग्याचे."

"मग झरा सापडला की! बुवांची बिदागी किती?"

"बुवा बिदागी घेत न्हाईत. पानीसुदिक घेत न्हाईत."

"अहो, हे तुम्ही मला सांगितलंत, छान केलंत. कागदाला कशाला सांगताय?" नानासाहेब पुढे झुकले. "आपण देवाला नैवेद्य दाखवतो. देव तो खातो का? नाही. पण दाखवायचा असतो. तसंच कागदाला उत्पन्न दाखवायचं असतं. पुढे हप्ते तुम्ही पोस्टातून भरा, नाहीतर मातीतून काढून भरा. विचारतो कोण?"

इथे दौलतराव फसले, आणि फसले ते त्यांच्यासारखा माणूसच फसेल असे. उभा जन्म दृष्टांतांवर पोसलेला. दृष्टांत जुळला की मान डोलवायची, ही बावीस वर्षांची सवय. हा नैवेद्याचा दृष्टांत त्यांना इतका नेटका वाटला की मान आपोआप डोलली. नानासाहेबांनी लिहिलं: महिन्याला चार कीर्तनं, दर कीर्तनाची बिदागी पंचवीस रुपये, सोबत बुवांचं नाव आणि गाव. लिहिलेलं वाचूनही दाखवलं. 'पंचवीस रुपये' ऐकताना दौलतरावांच्या छातीत काहीतरी टोचलं. पण तोवर लेखणी हातात आली होती. त्यांनी वळणदार सही केली आणि अनामतीचे पैसे मोजून दिले.

पुढचे काही दिवस त्या घरात सण होता म्हणा ना. परसातली बैलगाडी त्यांनी एकट्याने ढकलत बांधापर्यंत नेली आणि मोटारीला जागा केली. बुवा मागच्या बाजूला बसतील, आपण शेजारी, पायाशी पाण्याचा तांब्या. बुवांची वीणा कुठे राहील ह्याची मात्र काळजी लागली. तेव्हा एकदा बुवा कीर्तनाआधी जरा आडवे झाले असताना दौलतरावांनी हळूच दोरा लावून वीणेची लांबी घेतली आणि दोऱ्याला गाठ मारून तो कोटाच्या खिशात टाकला. बुवांना ह्यातलं काही सांगितलं नाही. मोटार थेट त्यांच्या दारात उभी करायची, असा बेत होता.

पौषातल्या एकादशीला कीर्तन माणला होतं. बाहेरची आधीच कबूल केलेली कीर्तनं तेवढी संपवायचं बुवांनी ठरवलं होतं, त्यातलं हे. दौलतराव दुपारीच जाऊन पोचले. देवळाची ओसरी झाडली, कंबर बांधली, टाळ हातात घेतला आणि आपल्या जागी उभे राहिले. दिवस कलताना बुवा गाडीतून उतरले. बरोबर त्यांच्या शेजारचा भैरू होता, पन्नाशीचा शांत शेतकरी. तो नेहमी डाव्या रांगेत शेवटी उभा राही.

बुवा सरळ दौलतरावांपाशी आले. डोळे मात्र टाळांवर होते.

"दौलतराव, आज टाळ ठिवा. श्रोत्यांत बसा."

दौलतरावांना थट्टा वाटली. "का वो? आवाज बसला काय माजा?"

"भैरू, तू हितं उभा ऱ्हा," बुवा म्हणाले आणि वळले.

दौलतराव जाऊन बसले. टाळ मांडीवर. बावीस वर्षं त्यांनी कीर्तनातले बुवा पाहिले होते ते मागून: फेट्याचा शेमला, एक कान, घामाने भिजलेली पाठ. त्या दिवशी प्रथमच समोरून चेहरा दिसला. काय चेहरा होता तो! नामाचा महिमा सांगताना उजळायचा, बोलता बोलता म्हाताऱ्याचा पोरासारखा व्हायचा. दौलतरावांना वाटलं, हे मागे उभं राहून आपण केवढ्याला मुकलो. पण तो चेहरा साऱ्या देवळावरून फिरे, लेकुरवाळ्या बायांवरून, दारातल्या गुराख्यांवरून, आणि ह्यांच्यापाशी आला की वरून निघून जाई, पायरीवर झोपलेल्या कुत्र्यावरून माणूस पाय उचलून पुढे जातो तसा.

आरती झाल्यावर त्यांनी बुवांना दीपमाळेशी गाठलं.

"बुवा, चुकलं काय माजं?"

बुवांनी अभंगांच्या वहीतून एक कागद काढला. पेढीचा छाप होता. 'आपण दरमहा चार कीर्तने करून प्रत्येकी पंचवीस रुपये बिदागी घेता व त्या उत्पन्नावर पिंपरी येथील दौलतराव ह्यांनी मोटारीसाठी कर्ज मागितले आहे. हे खरे असल्यास खाली सही करून कागद परत पाठवावा.'

दौलतरावांच्या हातातला टाळ खाली गेला.

"माजा चष्मा घरी ऱ्हायल्याला," बुवा म्हणाले. "मालोजी पोस्टमननं पारावर उभं ऱ्हाऊन वाचलं. तीस-चाळीस मानूस हुतं. एकानं इचारलं, 'बुवा, पंचवीसमदी आरती धरून, का आरतीचं येगळं?' समदे हासले. मीबी हासलो. काय करनार?"

"बुवा, त्यो नुसता कागद हाय. दाखवायपुरता."

"व्हय. दाखवला की गावाला."

"मी तुमच्यासाठीच... तुमचं गुडगं..."

"माज्या गुडग्यासाठी न्हाई." बुवांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं वाटलं असतं. "तुमाला एकट्याला करमत न्हाई म्हनून. ते मला सांगितलं आसतं दौलतराव, तर म्या पिंपरीपतोर रांगत आलो आसतो. तुमी मला सांगितलं न्हाई. तुमी पेढीला सांगितलं."

भैरूने हात दिला, बुवा गाडीत चढले, गाडी गेली. दौलतरावांनी टाळ देवळात ठेवला की हातातच नेला, हे त्यांना नंतर आठवेना. घरी पोचले तेव्हा तो हातात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने ते पुण्याला गेले. आधी मोटारीच्या दुकानात. तिथे त्यांची मोटार येऊन उभी होती. राखी रंगाची, काचेवर त्यांच्याच नावाची चिठ्ठी. घेत नाही म्हटल्यावर भांडण होईल, विनवण्या कराव्या लागतील, असं मनात धरून ते आले होते. पण दुकानदाराचा चेहरा फुलला.

"रद्द? आनंदाने करतो! तुमच्या मागच्या नंबरवाले डॉक्टर रोज फोन करून माझं डोकं खातायत. इथे सही करा."

एका सहीत मोटार दुसऱ्याची झाली. दुकानदार भला माणूस; म्हणाला, "आता आलाच आहात तर बसून तरी बघा." दौलतराव मागच्या बाजूला बसले. गादी मऊ होती, आणि आत इतकं शांत होतं की आपला श्वास ऐकू यावा. सवयीने हात खिशात गेला आणि दोरा लागला. त्यांनी तो तिरका धरून पाहिला. वीणा बसली असती. वर चार बोटं जागा उरली असती. बाहेर दुकानदार डॉक्टरांना फोन लावत होता. दौलतराव उतरले, दार हळू लावलं आणि दोरा तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

तिथून पेढी.

"रद्द केलीत?" नानासाहेबांना वाईट वाटलं, पण घटकाभरच. "हरकत नाही. मोटार ताब्यात घेतलेली नाही, म्हणजे करारही रद्द करता येतो. थोडा खर्च कापून तुमची अनामत परत. कारण काय लिहू? घरगुती अडचण?"

"अर्जात लिवल्यालं उत्पन्न खोटं हुतं. हे लिवा."

नानासाहेबांनी आधी दाराकडे पाहिलं. "हळू बोला."

"आन् तसं पत्र महाळुंग्याला धाडा. पयलं पत्र धाडलं तसंच. छापाचं."

"दौलतराव, अहो मोटार गेली, करार गेला, पैसे परत मिळतायत. देवाची कृपा म्हणा आणि घरी जा."

"मोटार गेली. पर त्यो कागद हाय न्हवं तुमच्याकडं? त्यात बुवा पंचवीस रुपयं घेत्यात."

"तो कपाटात राहील. कपाटातला कागद कोण वाचतो?"

"पयलाबी कुनी वाचनार नव्हतं," दौलतराव म्हणाले.

नानासाहेबांचा गोडवा ओसरला. डोळ्यांत भीती दिसू लागली. घरी दोन मुली लग्नाच्या आहेत, हे लिहायला सुचवलं कोणी असं मालकांनी विचारलं तर आपली नोकरी जाईल, असं ते पुटपुटत राहिले. दौलतराव ऐकत होते. हा माणूसही रांजणातल्या पाण्यावर जगतो, त्यांना वाटलं. पण ते उठले नाहीत. शेवटी आतल्या खोलीतून मालकच बाहेर आले. यशवंतराव त्यांचं नाव, उंच, कोरडे, कानाला अत्तराचा फाया.

"काय गडबड आहे?"

दौलतरावांनी हात जोडले. "मालक, माज्या अर्जात खोटं हाय. बुवा बिदागी घेत न्हाईत, कदी घेतली न्हाई."

"मग लिहिलं कोणी?"

नानासाहेब टेबलावरच्या टाकाकडे बघत होते. दौलतरावांच्या मनात आलं: खोटं निस्तरायला आलो, आणि आता ह्या माणसाला वाचवायला दुसरं खोटं बोलायचं? मग ते म्हणाले, "सही माजी हाय, मालक. सहीवरचं समदं माजं."

यशवंतरावांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांना कळायचं ते कळलं असावं. "करार वाचलात का तुम्ही? माघार घेतली तर अनामत परत मिळते. पण माहिती खोटी निघाली तर अनामत जप्त होते, सगळी. घरगुती अडचण लिहा, पैसे उचला, जा. मी काही ऐकलं नाही."

त्या अनामतीत बैलांचे पैसे होते. बैलांचे पैसे दौलतरावांनी इतके दिवस वेगळे गुंडाळून ठेवले होते. खर्च करवत नव्हते.

"जप्त करा. पर पत्र धाडा."

"पत्रात तुमचं नाव येईल. खोटी माहिती दिली, असं."

"येऊं द्या."

"गावात वाचतील."

"वाचाया पायजे."

"विचित्र माणूस आहात," यशवंतराव म्हणाले, रागाने नव्हे. "नानासाहेब, लिहून घ्या." आणि फाया चिमटीत सारखा करत आत गेले.

पत्र लिहून झाल्यावर नानासाहेबांनी चहा मागवला नाही, पण दारापर्यंत पोचवायला आले आणि पायरीवर हळूच दौलतरावांच्या कोपराला हात लावला. त्या दिवसात दौलतरावांना झालेला माणसाचा स्पर्श तेवढाच.

मग दिवस सुरू झाले. पुण्याहून आल्यावर झालेलं सगळं कुणाला तरी सांगावं असं त्यांना फार वाटत होतं, आणि ज्याला सांगावं असा माणूस एकच होता. शेजारणीने "मोटार कवा येनार?" विचारलं, त्यांनी "न्हाई येत" म्हटलं, ती "बरं" म्हणाली. पत्र पोचलं असेल का? वाचलं असेल का? सकाळी हरिपाठ म्हणताना ते एक ओळ म्हणत आणि थांबत. मागून कुणी उचलेल, अशी त्यांची अपेक्षा नव्हती; बावीस वर्षं उचलणारे तेच होते, म्हणून एकट्याने सलग म्हणणं जमेना, एवढंच. बैलगाडी बांधावरून परत आणायला हवी होती. ती त्यांनी तिथेच राहू दिली.

असे बारा-तेरा दिवस गेले आणि एकादशी आली. आता कीर्तन महाळुंग्याबाहेर नव्हतं. जावं की नाही? रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर केलं, आणि उजाडताच भाकरी बांधून दौलतराव निघाले. पाच कोसांची वाट. वाटेत इंद्रायणीत पाय धुतले तेव्हा परत फिरावंसं वाटलं होतं.

महाळुंग्यात शिरताना पारावर माणसं होती. त्यांना पाहून बोलणं थांबलं, आणि ते पुढे गेल्यावर सुरू झालं. बुवांच्या अंगणात बुवांची बायको अंबूबाई तांदूळ निवडत होती. तिने सुपावरून मान वर केली.

"मोटार कुटं लावली?"

"अंबूवैनी..."

"न्हाई, सोडलीत म्हनं. आयकलं आमी. मालोजीनं दोनदा वाचलं. पयल्या बारीला पटंना लोकास्नी. म्हनले, आसं कुनी आपलं आपनच लिवून घेतं व्हय?" तिने एक खडा काढून लांब फेकला. "आता ह्यांचं नाव धुतलं, आन् तुमचं बुडालं. पिंपरीचा लबाड म्हनत्यात तुमाला. बसा. उनातून आलाय."

बुवा आतून भिंत धरत धरत आले आणि घोंगडीवर टेकले.

"अनामत गेली?" बुवांनी विचारलं.

"गेली."

"बैलांचं पैसं?"

"त्यातच हुतं."

बुवांनी डोळे मिटले. "खिलारी जोड हुती. डावा जरा मारका," म्हणाले. मग म्हणाले, "टाळ देनार न्हाई मी तुमाला. आजून."

"मागितला न्हाई मी."

"किती दिस तेबी इचारू नका. मलाच ठावं न्हाई. पत्र आयकलं तवा राग गेला माजा. पर राग गेल्यावर मागं जे ऱ्हातं ना दौलतराव, त्ये आजून हाय."

"ऱ्हाऊं द्या. मी येत जाईन."

"पाच कोस?"

"दुसरं काय काम हाय मला?"

सुपातले तांदूळ सळसळले. अंबूबाई आत गेली आणि घागरीतलं पाणी घेऊन आली, दोघांसाठी दोन तांबे.

ऊन उतरल्यावर भैरू आला. बुवांना देवळापर्यंत धरून न्यायचं काम आता त्याचं होतं. त्याने दंड पुढे केला. बुवा उभे राहिले, फेटा सारखा केला आणि म्हणाले, "भैरू, तू म्होरं हो. समई लाव जा." भैरूने बुवांकडे पाहिलं, दौलतरावांकडे पाहिलं. मग गेला. बुवांनी हात लांब केला आणि दौलतरावांच्या खांद्यावर ठेवला.

देऊळ दूर नव्हतं. पण बुवा पाच पावलं टाकत आणि थांबत. दौलतराव पाच पावलं टाकत आणि थांबत. पारापाशी आले तेव्हा तिथल्या एकाला राहवलं नाही.

"बुवा, मोटार आली वाटतं!"

हशा पिकला. बुवा थांबले. खांद्यावरचा हात जड झाला.

"आली की," ते म्हणाले. "तुला कुटं जायचंय?"

विचारणाऱ्याने मान खाली घातली. कुणीतरी उठून वाटेतला दगड पायाने बाजूला सारला. दोघं पुढे निघाले. पाच पावलं, मग थांबणं. बुवांचं सगळं ओझं खांद्यावर येई, पुन्हा उतरे, पुन्हा येई. दौलतरावांना वाटलं, देऊळ आणखी थोडं लांब असतं तरी चाललं असतं.

देवळाच्या पायरीशी बुवांनी हात काढला आणि खांबाला धरून ते वर चढले. टाळकरी उभे राहिले. उजव्या खांद्यामागे भैरू. दौलतराव श्रोत्यांत जाऊन बसले. त्यांच्या दोन्ही बाजूंना लोक थोडे सरकून बसले होते. मधे एकेका माणसाची जागा रिकामी होती. कुणी जवळ आलं नाही.

बुवांनी डोळे मिटून अभंगाचा पहिला चरण म्हटला. भैरूने तो उचलला, थोडा उशिरा, पण सुरात. मग टाळ वाजले आणि सगळ्या देवळाने म्हटला, आणि दौलतरावांनी सगळ्यांच्या आवाजात, सगळ्यांइतक्याच आवाजात म्हटला.